डाळीतील उणे

बडोदे शहराच्या पश्चिम अंगाला अकोटा नावाची वस्ती आहे. तेथील रुंद रस्ते, बंगले, नाट्यगृह आणि क्रीडांगण पाहून या जागी काही प्राचीन असेल अशी शंकाही नवख्या माणसास येत नाही. आज अकोटा बडोद्याचे उपनगर म्हणून ओळखले जाते. परंतु एके काळी हे नाते नेमके उलटे होते. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतील कर्क सुवर्णवर्ष याने इ. स. 812 मध्ये दिलेल्या ताम्रपटात वडपद्रक नावाचे एक खेडे ब्राह्मणास दान दिल्याचा उल्लेख आहे, आणि हे खेडे अंकोट्टक चौऱ्यांशीच्या गावांत मोडत होते. अंकोट्टक म्हणजे अकोटा आणि वडपद्रक म्हणजे बडोदे. म्हणजे त्या काळी बडोदे अकोट्याचे होते. अकोटा बडोद्याचे झाले ते फार पुढे.

या अकोट्याच्या भूमीतून 1951 साली 68 जैन धातुमूर्ती बाहेर आल्या. सहाव्या शतकापासून बाराव्या शतकापर्यंतच्या या मूर्तींचा अभ्यास उमाकांत प्रेमानंद शहा यांनी केला व 1959 साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत जीवंतस्वामीची, म्हणजे संन्यास घेण्यापूर्वीच्या महावीराची, एक उभी मूर्ती आहे. अंगावर राजपुत्राचे अलंकार आणि मुद्रा मात्र ध्यानस्थ. मूर्तीवरील लेखावरून ती नागीश्वरी नावाच्या श्राविकेने अर्पण केली असे दिसते. ज्या समाजाने या मूर्ती घडवून घेतल्या त्या समाजात आयंबिल नावाचे एक व्रत आजही पाळले जाते. चैत्रात आणि आश्विनात नऊ नऊ दिवस व्रतस्थ माणूस दिवसातून एकदाच जेवतो. आणि त्या जेवणात दूध, दही, तूप, तेल, गूळ, साखर यांपैकी काहीही नसते. फळे नाहीत, हिरवी भाजी नाही. शिजविलेले धान्य आणि कडधान्य एवढेच. पोट भरते, पण जिभेचे लाड होत नाहीत.

अशा व्रतांचा उल्लेख निघाला की पूर्वजांना सर्व शास्त्र आधीच ठाऊक होते असे म्हणण्याची एक सोयीस्कर प्रथा आपल्याकडे पडली आहे. आयंबिल काय, ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ काय किंवा रमजान काय, यांचा हेतू वासनेवर ताबा मिळविणे हा होता. वजन घटविणे हा नव्हे. त्यांना प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र चिकटविण्यात धर्माचाही मान राहत नाही आणि शास्त्राचाही. मात्र त्या व्रतामागील एक कल्पना शास्त्राने अगदी स्वतंत्रपणे, आणि बऱ्याच उशिरा, हाती घेतली. ती कल्पना अशी की, आहार सरसकट कमी न करता त्यातील एखादाच घटक वगळावा आणि देहात काय घडते ते पाहावे. आज जगातील काही नामांकित प्रयोगशाळा अन्नातील मेथिओनीन नावाचे एकच ॲमिनो आम्ल कमी करून प्राण्यांची चरबी उतरते, रक्तातील साखर ताळ्यावर येते आणि आयुष्य लांबते, असे दाखवीत आहेत. गंमत अशी की, ज्या आम्लाच्या कपातीचे आज इतके कौतुक चालले आहे, त्याच आम्लाच्या उणेपणाबद्दल भारतातील डाळभात खाणाऱ्या माणसाला अर्धशतकभर बोल लावला जात होता. त्या उलटापालटीत बडोद्याचाही एक वाटा आहे.

प्रथिन म्हणजे काय हे समजण्यास जुन्या छापखान्याची उपमा पुरेशी होईल. जुळारी पेटीतले खिळे उचलून ओळ जुळवीत असे. शरीरही सुमारे 20 प्रकारची ॲमिनो आम्ले जुळवून रक्त, स्नायू, केस, पाचकरस सारे काही तयार करते. एखाद्या अक्षराचे खिळे संपले तर बाकीची पेटी भरलेली असूनही काम अडते. 20 पैकी बरेचसे खिळे शरीर स्वतः ओतू शकते. परंतु काही मात्र अन्नातूनच यावे लागतात. त्यांनाच आवश्यक ॲमिनो आम्ले म्हणतात. मेथिओनीन हे त्यांपैकी एक. त्यात गंधक असते, आणि पेशी कोणतेही नवे प्रथिन जुळवू लागली की पहिला खिळा याचाच लागतो.

हे ज्ञान सहजासहजी मिळाले नाही. राज्यक्रांतीनंतरच्या पॅरिसमध्ये गोरगरिबांना हाडे उकळून काढलेल्या सरसाचा, म्हणजे जिलेटिनचा, रस्सा देण्याची टूम निघाली. स्वस्त आणि मांसासारखेच पौष्टिक अन्न म्हणून तिचा मोठा गाजावाजा झाला. इस्पितळातील रोग्यांना तो रस्सा नकोसा होई. पण गरिबाच्या तक्रारीकडे कोण लक्ष देतो? अखेर माझांदी या शास्त्रज्ञाच्या समितीने 1841 साली कुत्र्यांवरील प्रयोगांच्या आधारे सांगितले की केवळ जिलेटिनवर प्राणी जगत नाही. त्यात ट्रिप्टोफॅन नावाचे आम्ल मुळीच नसते, हे कारण उमगायला आणखी साठ-पासष्ट वर्षे जावी लागली. इंग्लंडात हॉपकिन्सने 1901 साली ट्रिप्टोफॅन वेगळे केले. अमेरिकेत ऑस्बर्न आणि मेंडेल यांनी 1914 च्या सुमारास मक्याच्या प्रथिनावर पोसलेले, वाढ खुंटलेले उंदीर ट्रिप्टोफॅन व लायसीन यांची जोड देताच वाढू लागतात हे दाखविले. म्युलरने 1922 साली दुधातील केसीनमधून मेथिओनीन शोधून काढले. पुढे इलिनॉय विद्यापीठात रोज याने शेवटचा दुवा, थ्रेओनीन, 1935 साली जोडला आणि नंतर आपल्याच विद्यार्थ्यांना शुद्ध आम्लांचे मिश्रण खाऊ घालून माणसाला कोणते आम्ल किती लागते याचे हिशेब मांडले. ते बेचव जेवण आठवडेच्या आठवडे गिळणाऱ्या त्या विद्यार्थ्यांचेही आभार मानायला हवेत.

हिशेब मांडला गेला आणि सगळ्या जगाच्या ताटाला एकच मोजपट्टी लागली. ती मोजपट्टी म्हणजे कोंबडीचे अंडे. अंड्याच्या 100 ग्रॅम प्रथिनात मेथिओनीन सुमारे 3 ग्रॅम असते. तूरडाळीच्या तेवढ्याच प्रथिनात ते 1 ग्रॅमच्या आसपास भरते. डाळ मेथिओनीनमध्ये उणी, तर गहू, ज्वारी, तांदूळ लायसीनमध्ये उणे. तेव्हा भारतीय ताटातील प्रत्येक पदार्थाला काही ना काही कमी गुण मिळाले. वस्तुतः डाळीत लायसीन भरपूर असते आणि धान्यात मेथिओनीन बऱ्यापैकी. एकाचे उणे दुसरे भरून काढते. वरणभात, खिचडी, पिठलेभाकरी, थालीपीठ हे पदार्थ ज्या कोणा गृहिणींनी प्रथम रांधले त्यांनी ॲमिनो आम्लांचे कोष्टक पाहिले नव्हते, पण कोष्टकात ते पदार्थ नीट बसतात. तिळात मेथिओनीन चांगले असते. म्हणजे भाकरीवर भुरभुरलेले तीळही निव्वळ शोभेचे नव्हेत.

तथापि 1950 ते 1970 या वीस वर्षांत जागतिक मत निराळेच होते. गरीब देशांतील उपासमारीचे मूळ प्रथिनांच्या, विशेषतः उत्तम प्रथिनांच्या, तुटवड्यात आहे असे ठामपणे मानले गेले. लायसीन जास्त असलेला मका 1964 साली अमेरिकेत सापडला तेव्हा जणू दुष्काळावर रामबाण उपाय गवसल्याचा आनंद झाला. संयुक्त राष्ट्रांनी 1968 साली येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाविषयी अहवालच प्रसिद्ध केला. माशांचे पीठ, सोयाबीनची पूड, शेंगदाण्याच्या पेंडीचे पीठ, कारखान्यात बनविलेले लायसीन अशा नाना वस्तू गरिबाच्या ताटात घालण्याच्या योजना निघाल्या. पॅरिसच्या रस्स्याचीच ही नवी आवृत्ती होती असे म्हणणे थोडे कठोर होईल, कारण या वेळचे शास्त्र खरे होते. चूक होती ती निष्कर्षात.

बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठ 1949 साली स्थापन झाले. त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता यांनी गृहविज्ञानाला विद्यापीठात मानाचे स्थान दिले. स्वयंपाकघरातील विषय तो विद्यापीठात कशाला, असे हिणवणारे तेव्हाही होतेच. पुढे सी. व्ही. रामकृष्णन यांच्या नेतृत्वाखाली जीवरसायनाचा विभाग सुरू झाला. याच विद्यापीठात आर. राजलक्ष्मी या विदुषीने आपले आयुष्याचे काम केले. त्यांचा जन्म 1926 सालचा. पुण्याच्या वाडिया महाविद्यालयात त्या गणित शिकल्या, काही काळ शाळेत शिक्षिका होत्या आणि कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळविली ती मानसशास्त्रात. गणित, अध्यापन आणि मानसशास्त्र अशा वाटेने आहारशास्त्राकडे वळलेली व्यक्ती क्वचितच आढळेल. कुपोषणाने मेंदूवर आणि शिकण्याच्या शक्तीवर काय परिणाम होतो हे त्यांनी उंदरांवर अभ्यासले. त्यामुळे प्रथिनांची उणीव किती भयंकर असते हे त्यांना इतरांपेक्षा अधिक ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी पुढे जे सांगितले त्याला विशेष वजन आहे.

त्यांच्यापुढचा प्रश्न व्यावहारिक होता. पाठ्यपुस्तके अमेरिकेतली, त्यांतील आदर्श आहारात दूध, अंडी, मांस आणि संत्र्याचा रस. बडोद्याच्या आसपासच्या खेड्यांतील मजुराच्या घरी यांपैकी काही नाही. मग त्या घरातील मुलाला काय सांगायचे? राजलक्ष्मींनी बाजरी, गहू, हरभरा, शेंगदाणे, पालेभाज्या अशा गावात मिळणाऱ्या आणि परवडणाऱ्या वस्तूंतून जेवणे बसविली, ती मुलांना खाऊ घातली आणि परिणाम मोजला. धान्य, डाळ आणि पाला यांचा मेळ नीट घातला आणि पोटभर खायला दिले, तर दुधा-मांसाच्या अभावीही मूल वाढीस लागते, हे त्यांच्या कामाचे सार होते. तांदूळ आणि डाळ आंबवून केलेल्या पदार्थांची पौष्टिकता आंबवण्याने कशी पालटते, याविषयीचा त्यांचा निबंध 1967 साली ब्रिटनच्या पोषणशास्त्रीय नियतकालिकात आला. इडली आणि ढोकळा यांना शास्त्रीय नियतकालिकात मानाने बसविणारे हे काम होते. त्यांचे ‘अप्लाइड न्यूट्रिशन’ हे पुस्तक पुढे अनेक वर्षे भारतीय विद्यार्थ्यांच्या हाती राहिले.

याच सुमारास हाच प्रश्न दुसऱ्या एका माणसाने निराळ्या टोकाने धरला होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुधचे. जन्म 1911. ते संख्याशास्त्रज्ञ होते आणि 1951 ते 1970 पर्यंत रोम येथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते. ज्या संस्थांनी प्रथिन-संकटाची हाक दिली त्यांच्याच घरात बसून सुखात्मे आकडे तपासत होते. भारतातील आहार-पाहण्यांची छाननी करून त्यांनी दाखविले की, ज्यांच्या आहारात प्रथिने कमी पडतात त्यांतील बहुतेकांना मुळात अन्नच कमी पडते. उष्मांकांचा तुटवडा असला म्हणजे शरीर खाल्लेले प्रथिनही सरपणासारखे जाळून टाकते. उपाशी माणसाला वेगळे प्रथिन देणे म्हणजे चुलीत सागवान घालणे होय. आधी सरपण द्यावे, म्हणजे सागवान वाचेल. पोट भरेल इतकी भाकरी आणि डाळ मिळाली तर भारतातील प्रौढ माणसाची प्रथिनांची गरज बहुतांशी आपोआप भागते, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो सर्वांना रुचला नाही; त्यांच्या पुढील मतांवर तर पुण्यामुंबईसही कडाक्याचे वाद झाले, आणि त्यांतील काही आक्षेप खरेही होते. परंतु प्रथिन-संकटाच्या बाबतीत वारे त्यांच्याच दिशेने फिरले. 1974 साली मॅक्लॅरन यांनी लॅन्सेट या नियतकालिकात त्या साऱ्या प्रकरणाची फजिती म्हणूनच संभावना केली.

उण्याची चर्चा अशी चालली असताना दख्खनच्या पठारावर एका अधिकाची गोष्ट उघडकीस आली होती. पेलाग्रा हा रोग मका खाणाऱ्यांचा म्हणून प्रसिद्ध. कातडी काळी पडून सोलते, जुलाब लागतात, बुद्धी भ्रमते. निकोटिनिक आम्ल या जीवनसत्त्वाच्या अभावी तो होतो. हे जीवनसत्त्व शरीर ट्रिप्टोफॅनपासून थोडेफार बनवू शकते आणि मक्यात ट्रिप्टोफॅन कमी, तेव्हा मक्याचे कोडे सुटले होते. पण हैदराबादच्या आसपास हा रोग ज्वारीवर जगणाऱ्यांत दिसे, आणि ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतके कमी नाही. कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा 1958 साली हैदराबादेस आली. तेथे गोपालन आणि श्रीकांतिया यांनी 1960 साली मत मांडले की, ज्वारीत ल्युसीन नावाचे आम्ल फार असते आणि त्याचा अतिरेकच ट्रिप्टोफॅनचा मार्ग बिघडवतो. पुढे त्याच संस्थेत असे दिसले की आयसोल्युसीन हे जोडीचे आम्ल दिले तर ल्युसीनचा उपद्रव कमी होतो. या मताला सर्व जगाने मान डोलावली असे नाही. पण कमी ल्युसीन असलेल्या ज्वारीचे वाण शोधण्याचा प्रयत्न त्यातून झाला, आणि एक आम्ल जास्त असणे हेही दुखणे असू शकते ही गोष्ट ज्वारीच्या भाकरीने शास्त्राला शिकविली. पोटभर भाकरीसोबत डाळ, भाजी, थोडे दूध असे ज्यांच्या ताटात होते त्यांना हा रोग सहसा होत नसे. तो होई नुसत्या भाकरीवर दिवस काढणाऱ्या शेतमजुरास.

येथून गोष्ट अमेरिकेत जाते. कॉर्नेल विद्यापीठात मॅके याने 1935 साली दाखविले होते की, जीवनसत्त्वे वगैरे सारे पुरेसे ठेवून उंदरांचे खाणे मात्र बरेच कमी केले तर ते अधिक काळ जगतात. त्यानंतर अनेकांनी विचारले की, हा गुण कमी अन्नाचा की अन्नातील एखाद्या घटकाच्या कमीपणाचा? न्यूयॉर्क राज्यात ऑरेंट्राइख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली उत्तर दिले. त्यांनी उंदरांच्या खाद्यातील मेथिओनीनचे प्रमाण 0.86 टक्क्यांवरून 0.17 टक्क्यांवर आणले. उंदरांना खाण्याची मुभा पूर्ण होती. त्यांचे आयुष्य सुमारे 30 टक्क्यांनी वाढले. वजनाच्या मानाने पाहता ते कमी नव्हे, उलट जास्तच खात होते, तरी अंगी चरबी धरत नव्हती.

हे कसे घडते याचा उलगडा पुढील वीस वर्षांत हळूहळू झाला. खिळे संपत आल्याची पहिली जाणीव यकृताला होते. ते रक्तात एक संदेश सोडते. या संदेशवाहक द्रव्याला शास्त्रज्ञ एफजीएफ 21 म्हणतात. त्याच्या प्रभावाने शरीर चरबी साठविण्याऐवजी जाळू लागते, उष्णता म्हणून ती उधळते आणि इन्शुलिनचे म्हणणे पेशी अधिक चांगले ऐकू लागतात. टंचाईच्या दिवसात काटकसर व्हावी अशी आपली अपेक्षा. येथे उलट उधळपट्टी होते. एक समजूत अशी आहे की, आवश्यक आम्लाचा वाटा मिळविण्यासाठी प्राण्याला अधिक खावे लागते आणि त्याबरोबर आलेले जादा सरपण कोठे तरी जाळून टाकणे भाग पडते.

उंदरांवर जे साधले ते माणसावर साधते काय? अमेरिकेतील लुइझियाना राज्यात, बॅटन रूज येथील पेनिंग्टन संशोधन केंद्राने 2011 साली 26 माणसांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. ही सर्व माणसे स्थूल होती. रक्तदाब, साखर, चरबी यांचा एकत्रित बिघाड त्यांच्यात होता. त्यांना 16 आठवडे मेथिओनीनविरहित प्रथिनांचे पेय दिले. काहींना त्यासोबत मेथिओनीनच्या गोळ्या, काहींना नुसत्या दिसायला तशाच गोळ्या. ज्यांना मेथिओनीन मिळाले नाही त्यांचे शरीर चरबी अधिक जाळू लागले आणि यकृतातील चरबी घटली. वजन मात्र दोन्ही गटांचे सारखेच उतरले. हे पेय एका जन्मजात विकाराच्या रुग्णांसाठी बनविलेले होते आणि चवीला ते कोणालाही आवडेल असे नव्हते. 2025 साली येल विद्यापीठाच्या संशोधकांनी मेथिओनीनपासून बनणाऱ्या सिस्टीनची कपात उंदरांत चरबी जाळते हेही दाखविले. विस्कॉन्सिन विद्यापीठातील लॅमिंग यांच्या गटाने 2023 साली आयसोल्युसीन कमी करून नर उंदरांचे आयुष्य 33 टक्क्यांनी व माद्यांचे 7 टक्क्यांनी वाढलेले पाहिले. हैदराबादेस जे आम्ल ज्वारीवर उतारा म्हणून दिले गेले तेच येथे कमी करावयाचे आम्ल झाले.

आता या साऱ्याचा बडोद्याच्या दांडियाबाजारातील किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेतील मराठी घराशी संबंध काय, असा प्रश्न श्रोत्यांपैकी अनेकांच्या मनात येईल. डाळीत मेथिओनीन कमीच आहे. मग डाळभात खाणाऱ्याला ही कपात जन्मापासूनच लाभलेली नाही काय? तसे असते तर या घरांत मधुमेह दिसता ना. प्रत्यक्षात 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे 10 कोटी 10 लाख भरली, आणि त्यांत डाळभात खाणाऱ्यांची वाण नाही. प्रयोगातील कपात आणि जेवणातील उणे यांत फार अंतर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे 10 मिलिग्रॅम मेथिओनीन लागते. सिस्टीन धरून 15. लुइझियानातील प्रयोगात ते 2 मिलिग्रॅमवर आणले होते. 60 किलोच्या माणसाने हे घरच्या अन्नातून साधायचे म्हटले तर दिवसभरात जेमतेम 55 ग्रॅम तूरडाळ, आणि तीखेरीज प्रथिन असलेले काहीही नाही, अशी पाळी येईल. भात नाही, पोळी नाही, ताक नाही. त्याला पथ्य म्हणत नाहीत; त्याला उपासमार म्हणतात. प्रयोगात उरलेली सारी आम्ले भुकटीतून भरपूर दिली जात होती, ही गोष्ट बातमीच्या मथळ्यात येत नाही.

शिवाय त्या दीर्घायुषी उंदरांविषयीची एक हकीकत मथळ्याबाहेरच राहते. ते खुजे राहिले. मेथिओनीनची कपात लहानपणी सुरू झाली आणि त्यांची वाढ थांबली. प्रौढ, स्थूल, सुखवस्तू माणसाच्या बाबतीत हे एक वेळ चालेल. वाढत्या मुलाच्या बाबतीत ते चालणार नाही. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण महाराष्ट्रात 35.2 टक्के आणि गुजरातेत 39 टक्के आढळले. एकाच घरात मधुमेही आजोबा आणि अंगणवाडीत जाणारा, उंचीने मागे राहिलेला नातू असे दृश्य आज दुर्मीळ नाही. आजोबांसाठी ऐकलेले पथ्य सगळ्या घराच्या पातेल्यात उतरले तर त्याची किंमत नातू देईल.

या दोन टोकांची गाठ पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात पडते. 2004 साली लॅन्सेटमध्ये छापलेल्या एका छायाचित्रात ते स्वतः आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे, निर्देशांक 22. परंतु युडकिन यांच्या अंगी चरबी 9 टक्के आणि याज्ञिकांच्या 21 टक्के. दिसायला सडपातळ पण आतून चरबी, असा हा भारतीय देह. 1993 साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत याज्ञिकांनी गरोदर स्त्रियांची पाहणी सुरू केली. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन 2.7 किलो भरले. इंग्लंडातील साउदॅम्टनच्या बालकांचे 3.5 किलो. बाळाचे स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. म्हणजे ती ठेवण जन्मतःच होती. आईने किती खाल्ले यापेक्षा हिरवी पालेभाजी, फळे आणि दूध किती वेळा खाल्ले याच्याशी बाळाच्या आकाराचा संबंध अधिक दिसला. राजलक्ष्मींनी मुलांच्या ताटात आग्रहाने घातलेला पाला येथे आईच्या ताटात महत्त्वाचा ठरला.

याच अभ्यासात मेथिओनीन अगदी अनपेक्षित वाटेने परत आले. मेथिओनीन वापरले गेले की त्याचे होमोसिस्टीन होते आणि ब 12 जीवनसत्त्वाच्या साहाय्याने शरीर त्यापासून पुन्हा मेथिओनीन घडवते. छापखान्यात झिजलेले खिळे वितळवून पुन्हा ओतावेत तसाच हा प्रकार. ब 12 वनस्पतींत नसते; ते दूध, अंडी, मांस, मासळी यांतून येते. पुण्यात झालेल्या आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ब 12 ची कमतरता फार मोठ्या प्रमाणावर आढळली आणि होमोसिस्टीन वाढलेले दिसले. म्हणजे भट्टीच थंड होती. 2008 साली याज्ञिकांच्या गटाने दाखविले की, गरोदरपणी ज्या मातांत ब 12 कमी आणि फॉलिक आम्ल जास्त होते त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी चरबी व इन्शुलिनला होणारा विरोध अधिक होता. अमेरिकेतील स्थूल माणसात मेथिओनीनचे चक्र मुद्दाम आवळून चरबी उतरवायची खटपट चालली असता, पुणे परिसरात ते चक्र आईच्या पोटातच अडखळल्यामुळे मुलाच्या अंगी चरबी धरत होती. येथे अमेरिकेची गोळी पुण्यास आणून भागण्यासारखे नाही, हे सांगण्यास वेगळा वैद्य नको.

त्या सहा खेड्यांतील बालके पुढे मोठी झाली. 2012 साली याज्ञिकांच्या गटाने त्याच मुलामुलींना, आता किशोरवयात आलेल्या, रोज ब 12 ची गोळी देण्याचा प्रयोग आरंभिला. मात्रा होती 2 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे पाच लाख भाग करावेत आणि त्यांतील एक उचलावा, इतकी. उद्देश त्यांच्या स्वतःच्या प्रकृतीपुरता नव्हता. त्यांची लग्ने होतील, मुली गरोदर राहतील, आणि त्या वेळी भट्टी थंड असू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप होता. कालांतराने त्यांतील कित्येक मुली माता झाल्या, आणि 1993 साली ज्या आयांना तराजूपाशी बोलाविले होते, त्यांच्या नातवंडांचीही वजने आता त्याच वहीत चढली आहेत.